पैशांची ओढाताण असताना घरातलं सामान भरलेलं कसं ठेवायचं

हातात पैसा कमी आला की पहिली कात्री लागते ती किराण्याला, कारण घरभाडं, विजेचं बिल, कर्जाचा हप्ता यांच्या तारखा ठरलेल्या असतात, चार दिवस उशीर झाला तर फोन येतात, डब्यातले तांदूळ मात्र कधी फोन करत नाहीत. मग संपेल तसं आणायचं आणि ते पण लहानात लहान पाकीट, कारण तेव्हा खिशात तेवढेच असतात, आणि लहान पाकीट वजनाच्या हिशेबाने बहुतेक वेळा महागच पडतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच तीच वस्तू चढ्या दराने घ्यावी लागते. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये कामगार कुटुंबांचे खर्च तपासून दाखवलं होतं की कमाई जितकी कमी, तितका तिच्यातला मोठा वाटा खाण्यापिण्यावर जातो. तेव्हा ओढाताणीच्या दिवसात सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते नेमकं किराण्याकडेच, आणि लक्ष द्यायचं म्हणजे पोटाला चिमटा घ्यायचा असं नाही.

साठा म्हटलं की बऱ्याच जणांना 2020 आठवतं, कितीतरी देशांत दुकानांमधून टॉयलेट पेपर गायब झाला होता, लोक गाड्या भरभरून नेत होते. ती घाबरून केलेली खरेदी होती, तिने कोणाचंच भलं झालं नाही. इथे मी जे सांगतेय ते वेगळं आहे. घरात दोन-तीन आठवड्यांचं सामान जास्तीचं असलं तर तुम्हाला कुठलीही वस्तू नडीच्या वेळी घ्यावी लागत नाही, भाव उतरला की घेता येते. आणि दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते, पगार अडकला किंवा नोकरी गेली तर पहिले दोन-तीन आठवडे किराण्यावर जवळजवळ काहीच खर्च होत नाही, मग तोच रोख पैसा भाड्याला आणि बिलांना वापरता येतो. भाडं तांदळाने भरता येत नाही, पण घरात तांदूळ असले तर भाड्याचे पैसे शाबूत राहतात. साठा कशासाठी करायचा ते एवढं डोक्यात ठेवलंत की किती करायचा आणि कशाचा करायचा हे आपोआप समजत जातं.

आधी घरात काय आहे ते बाहेर काढा

एक पैसाही खर्च करण्याआधी हे करा. एका वेळी एकच कप्पा घ्या, सगळं एकदम काढलंत तर दमून जाल आणि तसंच परत कोंबून टाकाल. कप्प्यातलं सगळं खाली काढा, अगदी मागे भिंतीला टेकलेली ती रबर लावलेली अर्धी पाकिटं पण. बहुतेक घरांत एकाच वस्तूची दोन-तीन उघडी पाकिटं निघतात, कारण मागचं दिसलं नाही म्हणून नवीन आणलं गेलं. ती एकत्र करायच्या आधी वास घ्या आणि उजेडात धरून बघा, एका पाकिटात कीड असेल तर ती चांगल्यात जाईल.

पाकिटावरची तारीख नीट वाचा. तारखा दोन प्रकारच्या असतात आणि लोक दोन्ही सारख्याच समजून चांगलं सामान फेकून देतात. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, कुरकुरीतपणा, रंग उत्तम राहील, त्यानंतर लगेच ते विष होत नाही, कोरडं सामान नीट बंद असेल तर पुढेही बरेच दिवस वापरता येतं. 'यूज बाय' असं लिहिलं असेल तर मात्र ती सुरक्षिततेची तारीख, नासणाऱ्या पदार्थांवर असते, ती उलटली की चव बघायला पण तोंडात घालू नका. आणि डबाबंद पदार्थाचा डबा फुगला असेल, गळत असेल किंवा शिवणीवर खोल पोचा असेल तर तो न उघडताच टाका. अशा डब्यात बोट्युलिझमचं विष असू शकतं, ते वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही आणि माणूस दगावू शकतो. इथे काटकसर नको.

सगळं बघून झालं की कागदावर तीन रकाने करा, भरपूर आहे, संपत आलंय, आहे पण कोणी खात नाही. तिसरा रकाना फार कामाचा. आपण कुठल्या मोहाला बळी पडतो ते तिथे लिहिलेलं असतं, त्या वस्तू पुन्हा कधीही साठ्यात घ्यायच्या नाहीत, कितीही डिस्काउंट असू दे. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मोबाईलवर पण चालतं, पण घरातल्या सगळ्यांना दिसतं ते कागदावरचंच.

किती लागतं त्याचा हिशेब

अंदाजाने घेतलं की एक तर खूप होतं नाहीतर भलतंच होतं, म्हणून एकदा कागदावर मांडा. आपत्तीच्या काळात धान्य वाटताना जागतिक अन्न कार्यक्रम माणशी दिवसाला 2100 किलोकॅलरी धरतो. कोरड्या तांदळात किंवा गव्हात 100 ग्रॅमला साधारण 350 किलोकॅलरी असतात, डाळी-कडधान्यांतही जवळपास तेवढ्याच, पण त्यांच्यात वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त प्रोटीन असतं, आणि तेलात 100 ग्रॅमला 900 च्या आसपास. म्हणजे एका मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम धान्य, 60 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 30 ग्रॅम तेल आणि थोडी साखर धरली तर 2000 पर्यंत पोचतं, वरचं भाजी, फळं, दूध यातून येतं. चार माणसांचं घर आणि 14 दिवस असा गुणाकार केला तर धान्य साडेबावीस किलोच्या आतबाहेर, डाळी-कडधान्यं तीन ते साडेतीन किलो, तेल पावणेदोन किलो. मीठ दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चौघांना दोन आठवड्यांना पाव किलोच्या थोडंसं वर. लहान मुलं असतील तर कमी लागेल, अंगमेहनतीचं काम करणारं कोणी असेल तर जास्त.

आकडे बघून दडपण येऊ देऊ नका. यातलं निम्मं तर आत्ताच तुमच्या डब्यांत असेल.

पाणी लोक विसरतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला 4 लिटर धरून निदान तीन दिवसांचं पाणी झाकून भरलेलं असावं, त्याला पैसे पडत नाहीत, फक्त स्वच्छ भांडी आणि बदलत राहायची सवय लागते.

एक उघडलेलं, एक बंद

सगळा साठा एका महिन्यात उभा करायला जाऊ नका, ओढाताणीत ते शक्यच नाही आणि जमलं तरी दुसरीकडे खड्डा पडतो. सोपी रीत अशी, रोज लागणाऱ्या प्रत्येक वस्तूचं एक पाकीट उघडलेलं आणि एक बंद, इतकंच ध्येय. बंद पाकीट उघडलं की त्याच दिवशी ती वस्तू लिस्टवर जाते, संपल्यावर नाही. सगळा फरक इथे पडतो, कारण उघडलेलं पाकीट पुरेल तेवढे दिवस तुमच्या हातात असतात, त्या दिवसांत कुठेतरी भाव उतरतो, कधी ऑफर येते, किंवा पुढच्या पगारापर्यंत थांबता येतं.

आणि पैसे कुठून काढायचे, तर दर आठवड्याच्या किराण्याच्या खर्चातला विसावा भाग बाजूला ठेवा आणि त्यात एकच जास्तीची वस्तू घ्या. एका आठवड्यात मीठ, पुढच्या आठवड्यात डाळ, मग साबण. विसावा भाग म्हणजे फार नाही, पण 20 आठवड्यांत पूर्ण एका आठवड्याचा किराणा जमलेला असतो, आणि कुठल्याही एका आठवड्यात तो जाणवलेला नसतो. ज्या आठवड्यात तेवढंही निघत नाही त्या आठवड्यात सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका, पुढच्या आठवड्यात डबल करायलाही जाऊ नका.

डब्याच्या बाबतीत एक युक्ती सांगते, खूप उपयोगी आहे. तांदळाचा डबा रिकामा करा, मग तुमच्या घरी दोन आठवड्यांना जेवढे तांदूळ लागतात तेवढे मोजून त्यात घाला, वरून सपाट करा, आणि डब्याच्या बाहेरून बरोबर त्या उंचीवर मार्करने किंवा चिकटपट्टीने रेघ मारा. डबा पारदर्शक नसेल तर आतून मोजपट्टी लावून उंची बघा आणि तेवढी बाहेरून खूण करा. आता उरलेले तांदूळ वर भरा. तांदूळ रेघेपर्यंत खाली आले की आणायचे. कोणाला काही विचारायची, आठवायची गरज नाही, शाळकरी मूलही बघून सांगेल. डाळी, पीठ, साखर, कपडे धुवायची पावडर, सगळ्यांना असंच करता येतं.

नवीन आणलेलं नेहमी मागे आणि जुनं पुढे. नवीन माल जुन्याच्या डोक्यावर ओतला की तळातला माल वर्षानुवर्षं तिथेच राहतो आणि कीड तिथूनच सुरू होते. डब्यात भरताना जुना माल आधी वेगळा काढा, डबा पुसून कोरडा करा, नवीन खाली घाला, जुना वर. दोन मिनिटांचं काम आहे, कंटाळा करू नका.

खरेदी करताना

पाकिटाच्या किंमतीकडे बघू नका, किंमत भागिले वजन हे बघा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही, कधी कधी दोन मध्यम पाकिटं एका मोठ्यापेक्षा स्वस्त निघतात. आणि किंमत तीच ठेवून वजन कमी करायचा प्रकार सर्रास चालतो, 500 ग्रॅमचं पाकीट गुपचूप 450 ग्रॅमचं झालं तर दर सरळ 11 टक्क्यांनी वाढलेला असतो आणि आपल्याला वाटतं भाव स्थिर आहेत. म्हणून रोजच्या दहा-बारा वस्तूंचा किलोमागचा किंवा लिटरमागचा दर वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कळायला लागतं की कुठली ऑफर खरी आणि कुठली नुसती पाटी.

उधारीवर साठा करायचा नाही. हे मी अगदी कळकळीने सांगते. क्रेडिट कार्डावर स्वस्तात मिळतंय म्हणून तीन महिन्यांचं सामान उचललं आणि बिल पूर्ण भरता आलं नाही, तर वाचलेलं सगळं काही महिन्यांच्या व्याजात निघून जातं आणि देणं वर राहतं. तसंच हातातली सगळी रोकड पण डब्यांत अडकवू नका. दोन आठवड्यांचा साठा झाला, फार तर चार, की थांबा आणि पुढचे पैसे पैसे म्हणूनच राहू द्या, कारण दात दुखायला लागला तर डॉक्टरला डाळ देऊन चालत नाही. साठा आणि रोकड दोन्ही लागतात, आणि माझ्या मते ओढाताणीत दोन आठवड्यांनंतर रोकड जास्त महत्त्वाची.

काही वस्तू जास्त घेतल्या तरी चालतात. मीठ आणि साखर कोरडी ठेवली तर खराब होत नाहीत. पांढरे पॉलिश केलेले तांदूळ हवाबंद आणि थंड जागी वर्षानुवर्षं टिकतात. अख्खे मसाले दळलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त दिवस वास धरून राहतात, म्हणून साठवायचे ते अख्खे आणि दळायचे ते लागतील तसे. काही वस्तू मात्र स्वस्त मिळाल्या तरी थोड्याच घ्या. ब्राउन राइस आणि कोंड्यासकट दळलेलं पीठ यांच्यात धान्याचं नैसर्गिक तेल असतं, ते काही महिन्यांत खवट होतं. दाणे, बदाम, अक्रोड यांचंही तेच. खाण्याच्या तेलाला उजेड, उष्णता आणि हवा तिन्ही मारक, गॅसशेजारी खिडकीत ठेवलेली तेलाची बाटली दिसायला छान दिसते पण लवकर खवट होते. बेकिंग पावडरचा जोर ओल लागली की जातो. कडधान्यं कीड न लागताही जुनी होतात, उष्ण दमट जागी वर्षभर राहिली की कितीही शिजवा, दाणा कडकच राहतो आणि इंधन मात्र दुप्पट जळतं. आणि बाळाचे डायपर! एकदम मोठा साठा घेऊ नका, बाळ साइजच्या बाहेर जातं आणि न उघडलेली पाकिटं तशीच पडून राहतात.

कीड लागू नये म्हणून

साठवलेलं सामान टाकून द्यावं लागणं याच्याइतकं वाईट काही वाटत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. तांदूळ-गव्हातला सोंडकिडा बाहेरून येतोच असं नाही, बऱ्याचदा तो दाण्याच्या आतच बसून घरी येतो. मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते, अळी आतला गर खात वाढते, आणि पूर्ण किडा होऊन भोक पाडून बाहेर पडेपर्यंत दाणा बाहेरून ठणठणीत दिसतो. त्यामुळे दुकानात चांगले दिसलेले तांदूळ महिन्या-दीड महिन्याने अचानक किडलेले निघतात आणि आपण डब्याला दोष देतो.

घरी आणल्यावर मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरा. बारीक गोल भोकं, तळाशी पिठासारखी भुकटी, दोन-चार दाणे जाळ्याने एकमेकांना चिकटलेले, यातलं काहीही दिसलं तर तो माल बाकीच्यांपासून लांब ठेवा. मग त्यातले चिमूटभर दाणे पाण्यात टाका, पोखरलेले दाणे वर तरंगतात.

फ्रीझरमध्ये जागा असेल तर सगळ्यात खात्रीचा उपाय तोच. धान्य किंवा पीठ जाड पिशवीत घट्ट बंद करून उणे 18 अंश सेल्सिअसला चार ते सात दिवस ठेवा, किडे, अळ्या, अंडी सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली ओल गार दाण्यांवर जमते आणि कीड गेली तरी बुरशी येते. फ्रीझर छोटा असेल तर दोन-दोन किलोच्या पाळ्या लावा. फ्रीझरच नसेल तर थोडं थोडं आणणं, एअरटाइट डबा आणि दर पंधरा दिवसांनी उघडून बघणं, हेच करायचं. उन्हात पसरल्याने ओल जाते, हिंडणारे किडे पळतात, पण दाण्याच्या आतली अंडी जातीलच असं नाही, म्हणून उन्हानंतरही लक्ष ठेवा आणि धान्य गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

थोडीशी कीड लागलेले तांदूळ निवडून, चाळून, धुऊन खाता येतात, ते टाकायची गरज नाही. बुरशीचा वास आला, रंग बदलला किंवा गुठळ्या झाल्या तर मात्र टाकायचे, बुरशीची काही विषं शिजवून जात नाहीत.

कांदे आणि बटाटे वेगवेगळे ठेवा, एकत्र ठेवले की दोन्ही लवकर खराब होतात. बटाटे अंधारात, हवेशीर जागी. हिरवे पडलेले, कडू लागणारे बटाटे खाऊ नका, त्यात सोलॅनिन नावाचं विष वाढलेलं असतं.

शिजवलेलं वाया जाऊ नये, आणि इंधन

इंधन हा पण साठ्याचाच भाग. घरात महिन्याचं धान्य आणि शिजवायला गॅस किंवा वीज नाही, तर उपयोग काय. कडधान्यं रात्री भिजत घालणं, भांड्यावर झाकण ठेवणं, जमेल तिथे प्रेशर कुकर वापरणं, पाण्याला उकळी आली की आच कमी करणं (उकळतं पाणी मोठ्या आचेवर जास्त गरम होत नाही, नुसतं लवकर आटतं), एवढ्यानेही बरंच वाचतं. पण राजम्याच्या बाबतीत सांभाळा. कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचं विष असतं, थोडे अर्धेकच्चे दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी टाकून द्या, आणि ताज्या पाण्यात खळखळून किमान 10 मिनिटं उकळा, अर्धा तास उकळला तर अजून बरं. इंधन वाचवायला तो नुसत्या मंद आचेवर किंवा ऊब धरून ठेवणाऱ्या पेटीत झाकून शिजवायचा प्रयत्न करू नका, कमी तापमानाला ते विष मरत नाही. आधी उकळी, मग बाकीचं.

उरलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवू नका. तांदळात असलेल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम केलं तरी जात नाही. पसरट ताटलीत काढून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. फ्रिज 4 अंश सेल्सिअस किंवा खाली असावा. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तासांपर्यंत, अर्धा भरलेला 24. त्यामुळे फ्रीझरमध्ये रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, पूर्ण काठोकाठ न भरता, कारण बर्फ फुगतो.

साबण, औषधं आणि बाकीचं

खाण्याइतकंच हे पण लागतं आणि अडचणीत लोक नेमकं यालाच मागे टाकतात. मदतकार्याचे जे स्फिअर मानक आहेत त्यात माणशी महिन्याला 250 ग्रॅम अंगाचा साबण आणि 200 ग्रॅम कपड्यांचा धरलेला आहे, तो आधार घेऊन आपलं गणित करता येतं. साबणाच्या वड्या कागद काढून हवेशीर जागी सुकू दिल्या की कडक होतात आणि जास्त दिवस पुरतात, म्हणून वड्यांचा साठा अगदी बिनधास्त करा. घरातल्या बायकांना आणि मुलींना लागणारे पॅड आवडीनिवडीच्या वस्तूंच्या यादीत ढकलू नका, ते मिठाच्या रांगेतले.

ब्लीच जास्त घेऊ नका, उष्णतेने आणि उजेडाने त्याचा जोर आपोआप कमी होत जातो. आणि ते कधीही टॉयलेट क्लीनरमध्ये, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या कशातही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. दोन उरलेल्या बाटल्या एकत्र करून संपवू असं मनात येतं, तसं करू नका.

रोजची औषधं, म्हणजे बीपी, शुगर, थायरॉइड, दमा वगैरे, यांचा साठा सगळ्यात आधी. धान्याच्याही आधी. निदान दोन आठवड्यांची औषधं जास्तीची घरात राहतील असं डॉक्टरांशी बोलून बसवा, आणि पैशांची अडचण आहे हे त्यांना मोकळेपणाने सांगा, त्याच घटकाचं जेनेरिक औषध चालेल का ते विचारा, बऱ्याचदा चालतं आणि खर्च खूप कमी होतो. पैसे वाचवायला गोळी एक दिवसाआड घेणं किंवा अर्धी करणं हे स्वतःच्या मनाने कधीच नको. औषधं बाथरूममध्ये ठेवू नका, वाफेने खराब होतात. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक्स म्हणजे साठा नव्हे, ती जपून ठेवायची नाहीत. जुलाबावर घरात ओआरएसची पाकिटं असावीत, आणि नसली तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त घालू नका, लहान मुलांना त्रास होतो.

टॉर्च ठेवा, सेल बाहेर काढून. मेणबत्तीपेक्षा टॉर्च कधीही बरा, आगीची भीती नाही.

साठ्याला हात लावायची वेळ आली तर

वेळ आली की वापरा. बरेच जण नोकरी गेल्यावरही साठा तसाच ठेवून उरलेल्या पैशांतून किराणा आणत राहतात, अजून वाईट वेळ येईल म्हणून. पण कमाई थांबली हीच ती वेळ. पहिल्या आठवड्यापासून साठ्यातलं खायला सुरुवात करा, बाहेरून फक्त भाजी, दूध, फळं एवढंच आणा, आणि जे पैसे वाचतील ते भाडं, वीज, औषधं यांना लावा. आधी उघडलेलं, मग तारीख जवळ आलेलं, मग बाकीचं. घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही, सरळ सांगा की पुढचे काही आठवडे आपण घरातलं वापरणार आहोत, मुलं ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगलं समजून घेतात, लपवलं की उलट घाबरतात. रोज तेच तेच खाऊन कंटाळा येणार हे धरून चाला आणि त्यासाठी थोडा मसाला, थोडी साखर, मुलांच्या आवडीचं काहीतरी एक आधीपासून साठ्यात ठेवा, त्याला चैन म्हणू नका.

शेजारी किंवा नात्यात कोणाची तशीच अडचण असेल तर दोन-तीन घरांनी मिळून मोठं पोतं घेऊन वाटून घेणं सगळ्यांनाच परवडतं. फक्त पैसे आधी गोळा करा आणि वजन सगळ्यांसमोर करा, म्हणजे मनात काही राहत नाही.

कमाई परत सुरू झाली की सगळं एका दमात भरायला धावू नका. आधी औषधं, मग थकलेली बिलं, मग मीठ-तेल-धान्य-डाळ या क्रमाने परत तोच विसावा भाग, आणि साबण-पावडर त्याच्या मागे. साठ्यावर काढलेले आठवडे संपले की कपाटाच्या दारावरचा कागद काढून नवीन लावा, कारण या काळात कुठली वस्तू अंदाजापेक्षा लवकर संपली आणि कुठली शेवटपर्यंत उरली ते आता नक्की कळलेलं असतं, डब्यावरच्या रेघा त्याप्रमाणे वर-खाली करून घ्या.